रापणीचा वाटा आणि बाजाराचा वाटा

मालवणच्या किनाऱ्यावर रापण ओढली जाते, तेव्हां एकट्याचें कसब तेथें पुरत नाहीं. होडींतून अर्धवर्तुळांत जाळें टाकतात, दोन्ही बाजूंचे दोर किनाऱ्यावरून अनेक हात ओढतात, आणि जें मिळेल त्याचे वाटे पडतात. कधीं बांगड्यांची रास पडते, कधीं जाळें जवळजवळ रिकामें येतें. याउलट, गळ घेऊन सुरमईच्या मागें जाणारा एखादा अधिक मोलाची मासळी आणील, किंवा तेल जाळून रित्या हातानें परतेल. सामान्य गृहस्थानें आपली शिल्लक शेअरबाजारांत कोणत्या वाटेनें गुंतवावी, या प्रश्नाचें रूपही बरेंचसें असेंच आहे.

मुंबईच्या शेअरबाजाराचा सेन्सेक्स हा निर्देशांक १९८६ पासून प्रसिद्ध होतो. त्यांत तीस मोठ्या कंपन्या असतात. इंडेक्स फंड निर्देशांकांतील कंपन्यांचे शेअर त्याच प्रमाणांत घेतो आणि बाजार देईल तो वाटा पदरांत घालतो. सक्रिय फंडांत मात्र व्यवस्थापक स्वतःच्या अभ्यासानें कंपन्या निवडतो आणि बाजारावर मात करूं पाहतो. सामान्य लोकांसाठीं पहिला इंडेक्स फंड जॉन बोगल यांनीं अमेरिकेंत १९७६ सालीं काढला, तेव्हां पुष्कळांनीं त्याची थट्टा केली. भारतांत असे फंड गेल्या शतकाच्या अखेरीस आले.

निवड करणाराच श्रेष्ठ ठरावा, असें सहज वाटतें. परंतु अर्थशास्त्रज्ञ विल्यम शार्प यांनीं १९९१ मध्यें एक साधा हिशेब मांडला. निवड करणारे सर्वजण मिळून बाजारच धारण करतात. म्हणून खर्चापूर्वीं त्यांची सरासरी बाजाराइतकीच येणार. एकाला अधिक मिळालें, तर दुसऱ्याला तितकें कमी मिळालेलें असतें. त्यांतून व्यवस्थापनाचा खर्च वजा केला, कीं सरासरी बाजाराच्या खालीं जाते.

हा खर्च किरकोळ समजूं नये. १ लाख रुपये २० वर्षें ठेवले आणि खर्चापूर्वींची वाढ दरसाल १० टक्के धरली, तर खर्चानंतर ९.८ टक्के उरल्यास सुमारें ६ लाख ४८ हजार होतात, ८.५ टक्के उरल्यास सुमारें ५ लाख ११ हजार. वर्षाला सव्वा-दीड टक्क्याचा फरक मूळ ठेवीहून मोठी रक्कम गिळतो.

मोठ्या नांवावर डोळे मिटून विसंबण्याचा धोकाही महाराष्ट्रानें पाहिला आहे. १९६४ मध्यें सुरू झालेल्या युनिट ट्रस्टच्या 'यूएस-६४' योजनेवर नोकरदार घरांची अपार श्रद्धा होती. पण युनिटची किंमत मालमत्तेच्या खऱ्या मोलाशीं जुळत नव्हती. अखेर जुलै २००१ मध्यें खरेदी-विक्री सहा महिने थांबविण्याची घोषणा झाली, आणि अडल्या वेळेचा म्हणून ठेवलेला पैसा अडल्या वेळींच अडकला.

तथापि, निर्देशांक म्हणजे अभयदान नव्हे. जानेवारी २००८ मध्यें २१,००० च्या घरांत गेलेला सेन्सेक्स ऑक्टोबरांत ९,००० च्या खालीं आला. बाजार पडला, कीं इंडेक्स फंडही त्याच्याबरोबर पडतो. शिवाय कांहीं सक्रिय व्यवस्थापक बाजाराहून सरस ठरतात, हेंही खरें. लहान कंपन्यांच्या क्षेत्रांत अभ्यासाला वाव अधिक असतो. अडचण एवढीच, कीं पुढील २० वर्षांचा विजेता आज ओळखतां येत नाहीं, आणि मागील यश त्याची हमी देत नाहीं.

म्हणून विवेकाचा क्रम असा ठरतो : पावसाळ्यांत मासेमारी बंद असतां घर चालविण्याचे, होडीच्या दुरुस्तीचे किंवा मुलांच्या फीचे पैसे बाजारापासून दूर, बँकेंत राहावे. दहा-पंधरा वर्षें हात न लावतां येईल अशी रक्कम तेवढी बाजारांत जावी. तिचा मोठा भाग कमी खर्चाच्या इंडेक्स फंडांत दरमहा थोडाथोडा घालावा. हौसेनें निवड करावयाचीच असेल, तर ती बुडाल्यास चूल विझणार नाहीं इतक्याच पैशांची. समुद्रावर सत्ता कोणाचीच चालत नाहीं. जाळ्याचा खर्च किती करावा, एवढें मात्र माणसाच्या हातीं असतें.