ज्ञानगंगेच्या जंगलात

दिवाळीनंतर आम्ही गटातल्या बायका बुलढाणा-खामगाव रस्त्यावरच्या ज्ञानगंगा अभयारण्यात जाऊन आलो. एरवी जंगल म्हटलं की आपल्याला सरपण दिसतं. या वेळी विळा-दोर घरी ठेवून नुसतं पाहिलं. सागाखाली पाला वर वाळलेला, खाली माती ओलसर. हाच पाला पावसाचं पाणी अडवतो. तेच जमिनीत मुरून विहिरीला येतं.

२०१९ साली टिपेश्वरचा वाघ सुमारे १३०० किलोमीटर चालत इथं पोचला. गळ्यातल्या रेडिओ कॉलरमुळे ते कळलं. त्याला झाडोरा, पाणी, नीलगायी मिळाल्या, म्हणून तो थांबला. आपला हंडाही त्याच झाडोऱ्यावर भरतो. तेव्हा पाला पेटवू नका, हिरवं झाड तोडू नका. सरपणासाठी बांधावर सुबाभूळ लावू. येत्या बैठकीत रोपांचं ठरवूया.