एक यंत्र, दोन नांवें



नांदेड जिल्ह्यांतील उमरी हें गांव मुदखेडहून निजामाबादेकडे जाणाऱ्या लोहमार्गावर आहे. परंतु मराठवाड्यांत आणि विदर्भांत उमरी नांवाचीं गांवें इतकीं आहेत कीं, केवळ 'उमरी' एवढ्याच पत्त्यावर टाकलेलें पत्र कोणत्या उमरीस पोंचेल, हें सांगणें कठीण. ही अडचण टपाल खात्यांतील अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर यांनीं दूर केली. हे गृहस्थ संस्कृत कवीही होते. १५ ऑगस्ट १९७२ पासून देशांत सहा आंकडी पिनकोड सुरू झाला. या उमरीचा क्रमांक ४३१८०७.

नांवाचा घोटाळा मात्र एवढ्यानें संपत नाहीं. येथें सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाचें राज्य होतें आणि सरकारी दप्तर उर्दूंत असे. त्या लिपींत ऱ्हस्व स्वर बहुधा लिहीत नाहींत. वाचणारा परका असेल तर 'उमरी' तो 'अमरी'ही वाचील. अशा कागदांतून मराठींत उतरलेलें नांव आणि घरांत चाललेलें नांव यांत फरक पडला, म्हणजे मनुष्य एकच असूनही दोन दप्तरें त्यास दोन मानतात. मला आज बोलावयाचें आहे तें याच दुखण्याविषयीं. मात्र तें माणसांचें नव्हे, यंत्रांचें.

इंटरनेटवरील मजकूर लहान लहान पुडक्यांनीं प्रवास करतो, आणि प्रत्येक नाक्यावर त्यांस पुढची वाट दाखविणाऱ्या यंत्रास राउटर म्हणतात. हे राउटर एकमेकांस वाटांची वार्ता कळवीत असतात. एका संस्थेच्या जाळ्याच्या आंत ती पुष्कळदां ओएसपीएफ नामक नियमावलीनें फिरते. एका संस्थेकडून दुसरीकडे ती बीजीपीच्या नियमांनीं जाते. दोहोंतही प्रत्येक राउटरला एक ओळखक्रमांक असतो. तो ३२ बिटांचा असून १०.१.१.१ असा चार भागांत लिहितात. दिसतो पत्त्यासारखा, पण आहे नुसतें नांव. व्यवस्थापकानें तो नेमून दिला नाहीं, तर पुष्कळ यंत्रें आपल्याजवळच्या पत्त्यांतील सर्वांत मोठा पत्ता उचलून त्यासच आपलें नांव करतात. एक नियमावली आज सुरू झाली आणि दुसरी नवा पत्ता मिळाल्यानंतर महिन्याभरानें, तर एकाच यंत्राचीं दोन नांवें झालींच म्हणून समजा!

यांत बिघडतें काय? समजा, एका संस्थेच्या जाळ्यास दोन वेशी आहेत. एक नांदेडास, दुसरी हैदराबादेस. नांदेडच्या वेशीवरील राउटरला बाहेरून नव्या वाटेची वार्ता मिळाली. ती त्यानें हैदराबादच्या राउटरला बीजीपीनें कळविली, आणि मधल्या राउटरांसही ठाऊक व्हावी म्हणून ओएसपीएफमधून आंत सोडली. हैदराबादचा राउटर ती बाहेर जाहीर करण्याआधीं पाहतो कीं, मधल्या मंडळीस हें कळलें आहे ना? कारण कळलें नसल्यास बोलावून आणलेलीं पुडकीं अर्ध्या वाटेंतच नाहींशीं व्हावयाचीं. मग तो ताडून पाहतो कीं, दोन्हींकडे सांगणारा एकच आहे काय. नांवें जुळलीं नाहींत, तर खरी वार्ताही संशयित ठरते आणि वाट जाहीर होत नाहीं. कोठें घंटा वाजत नाहीं. तारा शाबूत, यंत्रें शाबूत. यास्तव १९९३ व १९९४ सालच्या नियमपत्रांत राउटरचें दोन्हींकडील नांव सदैव एकच असावें, असें बजावलें होतें.

मधले राउटर स्वतःच बीजीपी जाणत असले, म्हणजे या पडताळ्याची गरज उरत नाहीं, आणि आतां बहुतेक जाळ्यांत तो बंदच असतो. २०११ च्या नियमानें तर बीजीपीचा क्रमांक शून्य नसावा व आपल्या जाळ्यांत दुसऱ्या कोणाचा नसावा, एवढेंच मागितलें. मला मात्र ही सवलत घ्यावीशी वाटत नाहीं. कारण दोष शोधणाऱ्याला रात्रीं दोन वाजतां दोन नांवांचा एक धनी ओळखावा लागतो.

याच्या उलट दोषही आहे. ओएसपीएफमध्यें दोन राउटरांचें नांव एकच पडलें, तर प्रत्येक जण दुसऱ्याची वार्ता आपलीच शिळी वार्ता समजून नवी पाठवितो, आणि हें भांडण मिटतच नाहीं. वाटा उगवतात, मावळतात. इकडे रेशनच्या धान्यासाठीं यंत्रावर अंगठा ठेवून उभ्या असलेल्या म्हातारीस दुकानदार एवढेंच सांगतो, ''आजी, नेट नाहीं.''

म्हणून हा क्रमांक आपल्या हातानें नेमावा, दोन्ही नियमावल्यांत तोच लिहावा आणि वहींतही टिपून ठेवावा. चालू यंत्रावर तो बदलणें झालें तर वर्दळ नसेल अशा वेळीं बदलावा; कारण जुनें नांव टाकतांना शेजाऱ्यांशीं असलेले संबंध एकदां तुटतात, आणि ते पुन्हा जुळेपर्यंत वाट बंद राहते.