बुळकांडीचा कुलवृत्तांत

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त बरेली येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावरून गुरांच्या एका रोगाविषयी बोलावे, हे कित्येकांस विचित्र वाटेल. त्यातून आम्ही पडलो कला शाखेचे पदवीधर. सारी हयात केंद्र सरकारच्या फायलींत गेली. विज्ञानावर बोलण्याचा आमचा अधिकार तो केवढा! तथापि बरेलीकर मराठी मंडळींना या विषयाचे अगत्य वाटावे, असे एक कारण आहे. आपल्या शेजारी इज्जतनगरला जी भारतीय पशुचिकित्सा संशोधन संस्था आहे, तिचा जन्म १८८९ साली पुण्यात झाला. संसर्गजन्य रोगजंतूंवरील काम वस्तीपासून दूर व्हावे म्हणून १८९३ साली ती कुमाऊँच्या डोंगरात मुक्तेश्वरला गेली. इज्जतनगरचा विस्तार त्यानंतरचा. पुणे सोडून उत्तरेत स्थायिक झालेल्यांत ही संस्था आपणां सर्वांहून वडील आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

ज्या रोगांसाठी ही संस्था झटली, त्यांत अग्रभागी होती बुळकांडी. जनावरास कडक ताप भरे, डोळ्यांनाकांतून पाणी वाहू लागे, तोंडात व्रण पडत, दुर्गंधीयुक्त हगवण लागे आणि थोड्याच दिवसांत गोठा ओस पडे. बैल गेला की शेत पडीक राही. पुढचे सांगावयास नको.

या रोगाचा विषाणू म्हणजे सुमारे सोळा हजार अक्षरांचा एक लेख. वर्णमालेत अक्षरे अवघी चार. विषाणू वाढतो म्हणजे या लेखाच्या नकला होतात, आणि नकला करताना चुका होतात. आमच्यासारख्या कला शाखेच्या माणसाला येथे पुण्याचे भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर आठवते. महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करताना तेथील पंडितांनी देशभरच्या पोथ्या ताडून पाहिल्या. दोन पोथ्यांत तीच ती चूक वारंवार आढळली, तर त्या एकाच मूळ प्रतीवरून उतरल्या असाव्यात, असे अनुमान करता येते. विषाणूंचे जनुकीय अभ्यासक हेच करतात. ठिकठिकाणच्या नमुन्यांतील अक्षरे वाचावयाची, फरक मांडावयाचे आणि त्यावरून शाखा-उपशाखा ठरवावयाच्या. हा झाला विषाणूचा कुलवृत्तांत. त्यानुसार बुळकांडीच्या तीन शाखा निघाल्या: दोन आफ्रिकेच्या व एक आशियाची. आपल्या देशातील विषाणू या तिसऱ्या शाखेतले.

परंतु कुलवृत्तांत सिद्ध करावयाचा तर जुन्या नोंदी हव्यात. या संदर्भात आमच्या नोकरीच्या प्रारंभीचा एक प्रसंग सांगतो. रोगाच्या नमुन्यांबरोबर आलेले काही तक्ते आमच्या टेबलावर आले. त्यांतील एकात गावाच्या रकान्यात लिहिले होते, 'वरीलप्रमाणे'. आणि वर पाहावे तर रकाना कोरा! आम्ही तरुण होतो. खटपट कशाला वाढवा, म्हणून तो तक्ता तसाच फायलीस लावला. एक गाव कमी झाले म्हणून काय बिघडणार, असे तेव्हा वाटले.

काय बिघडते, ते केनियाच्या उदाहरणावरून पुढे उमगले. १९९४ साली तेथील त्सावो राष्ट्रीय उद्यानात रानरेडे आणि कुडू जातीची हरणे मरू लागली. रोग बुळकांडीच होता. पण आला कोठून? विषाणूची अक्षरे वाचली, तेव्हा तो आफ्रिकेच्या दुसऱ्या शाखेचा निघाला. ही शाखा तीसहून अधिक वर्षे कोणाच्या दृष्टीस पडली नव्हती; ती निर्वंश झाली, अशीच समजूत होती. त्याचा जवळचा नातलग सापडला तो १९६२ साली केनियातच एका जिराफापासून मिळवलेल्या विषाणूत. म्हणजे शत्रू बाहेरून आला नव्हता. सौम्य रूप घेऊन त्याच प्रदेशात दबा धरून बसला होता. कोणी तो जिराफाचा नमुना जपला नसता, त्यावर स्थळ आणि साल लिहिले नसते, तर हे कळते ना, आणि शोध भलत्याच दिशेने चालू राहता.

आपल्याकडेही अशाच ओळखपरेडीचा उपयोग झाला. शेळ्यामेंढ्यांत बुळकांडीसारखा रोग दिसे, तो बुळकांडीच समजला जाई. १९८७ साली तामिळनाडूत सिद्ध झाले की हा पीपीआर नावाचा निराळा रोग; विषाणू बुळकांडीचा भाऊबंद, पण कुटुंब वेगळे. हा भेद नीट कळला नसता, तर बुळकांडी संपली हे आपण छातीठोकपणे कधीच सांगू शकलो नसतो. आपल्या देशात तिची शेवटची नोंद १९९५ सालची. २००६ साली भारत तिच्या संसर्गापासून मुक्त ठरला आणि २०११ साली सारे जग. मानवाने देवीनंतर समूळ नाहीसा केलेला हा दुसराच रोग.

या भाऊबंदकीत आपलाही एक परिचित आहे: गोवर. बर्लिनमध्ये १९१२ साली गोवराने दगावलेल्या एका दोन वर्षांच्या मुलीचे फुप्फुस तेथील संग्रहात जपलेले होते. त्यातील विषाणूची अक्षरे वाचून २०२० साली संशोधकांनी असा कयास मांडला की, गोवर आणि बुळकांडी यांची घराणी इसवी सनापूर्वी सहाव्या शतकाच्या सुमारास विभक्त झाली असावीत. शंभर वर्षांपूर्वी बरणीवर चिकटवलेल्या चिठ्ठीने केवढे काम केले पाहा!

आता शेवट. २०१९ साली इंग्लंडमधील पिरब्राइट संस्थेने आपल्याजवळील बुळकांडीच्या विषाणूंचा साठा नष्ट केला. तत्पूर्वी त्यांचे लेख उतरवून घेतले. वैरी गेला, त्याचा कुलवृत्तांत राहिला. पीपीआर मात्र अद्याप आहे, आणि २०३० पर्यंत तो नाहीसा करण्याचा संकल्प जगाने सोडला आहे. शेळी ही गरिबाची गाय. तिच्या आजाराचा नमुना घेऊन कोणी खेड्यातला कर्मचारी उन्हातान्हात तक्ता भरीत असेल, तेव्हा त्याने गावाचे नाव लिहावे, आणि टेबलावरच्या आमच्यासारख्याने ते नसेल तर विचारावे, एवढीच प्रार्थना. तो 'वरीलप्रमाणे'चा तक्ता आम्हांला आजही बोचतो. ते गाव कोणते, हे आता कोणालाच सांगता यावयाचे नाही.