पामेरियन आणि वऱ्हाडचं ऊन

वलगावात काय नि अमरावतीत काय, ज्या कुत्र्याला आपण सरसकट ‘पामेरियन’ म्हणतो, तो बहुतेक वेळा इंडियन स्पिट्झ असतो. १९९४च्या ‘हम आपके हैं कौन’ चित्रपटातला टफी याच जातीचा. हुशार, लळा लावणारा. भुंकायला मात्र निमित्त लागत नाही! पूर्वज थंड मुलखातले, म्हणून अंगावर केसांचे दोन थर. पारा ४५ अंशांवर गेला की लोक त्याचं चक्क मुंडण करतात. तसं करू नका; तेच केस उन्हापासून कातडी वाचवतात. रोज विंचरून आतली गळलेली लव तेवढी काढा. धापा टाकूनच त्याचं अंग मुख्यतः निवतं, तेव्हा सावली, गार पाणी आणि कूलरसमोरची जागा द्या. फिरवणं दिवस उगवायच्या आत. कांदा, चॉकलेट नकोच. आणि हो, गोचीड कानामागे, बोटांच्या बेचक्यात शोधा.