जेवायची सुट्टी कुणाकडे मागायची?

आज डिस्टोपियन सिनेमाबद्दल बोलूया. म्हणजे माणसाचे कसे हाल होतील हे दाखवणारा सिनेमा, आणि त्यातला कामगार.

चॅप्लिनचा 'मॉडर्न टाइम्स' १९३६चा. त्यात कामगाराला घास भरवणारं एक यंत्र आहे, म्हणजे जेवायची सुट्टीच द्यायला नको! आणि चार्ली बाथरूममध्ये सिगरेट पेटवतो, तर भिंतीवरच्या पडद्यावर मालक हजर. चल, कामाला लाग! आपण हसतो.

आता आपल्याकडे बघा. नागपूर महापालिकेनं सफाई कामगारांच्या मनगटावर जीपीएस घड्याळं बांधली. कोण कुठे आहे, याची सतत नोंद. हरियाणात पंचकुल्यालाही अशी घड्याळं आली. तिथल्या बायकांना धास्ती, की यात कॅमेरा आहे, मग बाथरूमला जायचं कसं? चॅप्लिनचा विनोद खरा झाला, फक्त आता हसू येत नाही.

आणि पुण्यात? संध्याकाळी फर्ग्युसन रोडवर हॉटेलांबाहेर बाइकवर थांबलेली मुलं बघा. सगळ्यांची नजर फोनवर. नंदिता दास यांच्या 'झ्विगाटो'मध्ये हेच आहे. कारखान्यातली नोकरी गेलेला माणूस डिलिव्हरी करतो, आणि रेटिंग, इन्सेंटिव्ह त्याला पळवत राहतात. ओरडणारा साहेब कुठेच दिसत नाही.

मला खरी भीती त्याचीच वाटते. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांना एकत्र केलं. साडेपाच हजार कामगारांच्या सह्या, आणि मागण्या काय? रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती. १८९०मध्ये रविवार मिळाला. तेव्हा मालक कोण, हे माहीत होतं, आणि कामगार एका छपराखाली होते. आज आयडी ब्लॉक झाला तर दाद कुणाकडे मागायची? चॅटबॉटकडे?

तरी माणसं एकत्र येतातच. २०२४मध्ये पुण्यातल्या ॲप-कॅबवाल्यांनी संप केला. मागणी साधी होती, सरकारनं ठरवलेला दर द्या. तेव्हा अनेकांनी 'आज कॅब मिळत नाहीये' एवढीच तक्रार केली.

सिनेमात आपण नेहमी चार्लीच्या बाजूनं असतो ना? मग ऑर्डर दहा मिनिटं उशिरा आली आणि बोट एका स्टारकडे गेलं, तर जरा थांबा. त्या क्षणी भिंतीवरच्या पडद्यात आपणच असतो.