भंगारात घालण्याआधी

(हिंगोली जिल्ह्यातील मेळाव्यात केलेले भाषण)



आज गोठ्यामागे पडलेल्या लोखंडावर बोलायचे आहे. वखराची पास, पेरणी यंत्राचे फण, जुन्या जीप-ट्रॅक्टरचे सुटे भाग. भंगारवाला ते किलोवर तोलून नेतो आणि पुढच्या हंगामात तसलाच भाग आपण नगावर आणतो, तोही उधारीत. कापूस जातो किलोवर, कापड येते मीटरवर. त्यातलीच ही गत.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात लोखंडी नांगर केला, तेव्हा लोखंडाने जमिनीला विष चढेल म्हणून शेतकरी तो घेईनात. जमिनीला काही झाले नाही. उलट आपली ओल आणि आपली खतेच लोखंडाला खातात.

लोखंड, पाणी आणि हवेतला प्राणवायू यांचा गंज होतो. त्यात क्षार आले की वेग वाढतो, आणि बरीच रासायनिक खते म्हणजे क्षारच. पेरणीनंतर पेटीत राहिलेले मूठभर खत हवेतली ओल ओढते आणि पत्रा खाते. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, म्हणून नटबोल्ट जाम होतात.

काढायचा कसा? आधी माती आणि ग्रीस धुऊन तारेच्या ब्रशने खरवडा. लहान भाग प्लास्टिकच्या बादलीत, लिटरभर पाण्याला ५० ग्रॅम लिंबूसत घालून रात्रभर बुडवा. त्याहून जास्त ठेवू नका. गंज संपला की आम्ल चांगले लोखंड खाते. ॲल्युमिनियमचे किंवा जस्त चढवलेले भाग त्यात घालू नका. संडासाचे ॲसिड तर नकोच. त्याची वाफ छातीला वाईट.

मोठ्या भागाला धुण्याचा सोडा आणि १२ व्होल्टचा बॅटरी चार्जर. चार लिटर पाण्याला चमचाभर सोडा. गंजलेला भाग ऋण तारेला, टाकाऊ लोखंड धन तारेला. दोन्ही एकमेकांना टेकू देऊ नका. तारा उलट लागल्या तर आपलाच भाग झिजेल. टाकाऊ म्हणून स्टेनलेस स्टील वापरू नका, त्यातून विषारी क्रोमियम उतरते. सोड्याऐवजी मीठही नको, क्लोरीन निघतो. बुडबुडे पेट घेणाऱ्या हायड्रोजनचे असतात. काम उघड्यावर करा, बिडी लांब ठेवा. चार्जर बंद केल्याशिवाय पाण्यात हात घालू नका.

भाग बाहेर काढला की धुवा, उन्हात लगेच वाळवा आणि तेल लावा. ओला राहिला तर पुन्हा तांबूस होतो.

एक ध्यानात ठेवा : गंज निघतो, गेलेले लोखंड परत येत नाही. ब्रेकचा, स्टिअरिंगचा भाग खड्डे पडेपर्यंत खाल्ला असेल तर तो बदलाच. तिथे काटकसर जिवावर येते.

म्हणून खरे काम पेरणी उरकते त्याच संध्याकाळी. पेटी रिकामी करा, धुवा, वाळवा. फणांना, पाशीला जळके ऑइल फासा आणि अवजार मातीवर न टेकवता लाकडावर ठेवा. यात हंगामाची एक संध्याकाळ जाते. नवा भाग घ्यायचा तर कापसाचे पैसे जातात.

कापसाचा भाव आपल्या हातात नाही. भंगाराच्या काट्यावर काय चढवायचे, ते मात्र आपल्याच हातात आहे.