कर्करोगाशी झुंज आणि स्वदेशी संशोधन : डॉ. राहुल पुरवार यांचे कार्य
(सुवर्ण महोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



या व्याख्यानमालेसाठी विषय निवडण्याची मोकळीक मला देण्यात आली, तेव्हा मी कापड व्यवसायावर बोलेन अशी बहुतेकांची अपेक्षा होती. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. सारे आयुष्य दुकानाच्या गादीवर गेले. वैद्यकशास्त्रात माझा अधिकार शून्य. तरीही आज मी कर्करोगावरील एका संशोधनाविषयी बोलणार आहे, आणि त्याचे कारण घरातलेच आहे.

१९९६ साली माझ्या धाकट्या बंधूस रक्ताचा कर्करोग झाल्याचे निदान झाले. त्याचे वय तेव्हा अवघे एकतीस वर्षांचे होते. नांदुऱ्याहून रेल्वेने आम्ही मुंबई गाठत असू आणि दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत उतरत असू. औषधांनी रोग हटला, घरात गोडधोड झाले, आणि आठव्या महिन्यात तो उलटला. उलटलेला रोग पहिल्या औषधांना सहसा जुमानत नाही, असे डॉक्टरांनी सौम्य शब्दांत सांगितले. ‘मग आता पुढे काय?’ या माझ्या प्रश्नावर ते काही बोलले नाहीत. १९९७ च्या दिवाळीपूर्वी बंधू गेला. तो प्रश्न मात्र माझ्यापाशी राहिला, आणि पुढे अनेक वर्षांनी वर्तमानपत्रात त्याच्या उत्तराचा काही अंश मला वाचावयास मिळाला.

आपल्या रक्तातील पांढऱ्या पेशींमध्ये ‘टी पेशी’ नावाचा एक प्रकार असतो. त्या शरीराच्या पहारेकरी होत. बाहेरून आलेला रोगजंतू त्या ओळखतात आणि नष्ट करतात. कर्करोगाची पेशी ही मूळची आपलीच असल्याने पहारेकरी फसतो. घरातलाच माणूस चोर निघावा तसे हे आहे. पहारेकऱ्यास त्या चोराची खूण शिकविता आली तर? रक्ताच्या काही कर्करोगांत बिघडलेल्या ‘बी पेशीं’च्या पृष्ठभागावर ‘सीडी-१९’ नावाची खूण असते. रुग्णाच्या टी पेशी काढून, निरुपद्रवी केलेल्या विषाणूच्या वाहनातून त्यांत नवे जनुक घालतात. ती खूण पकडणारा जणू एक हात त्यांना फुटतो. मग प्रयोगशाळेत त्यांची संख्या वाढवून त्या रुग्णाच्याच शरीरात परत सोडतात. या उपचारास ‘कार टी पेशी उपचार’ म्हणतात. २०१२ साली अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे एमिली व्हाइटहेड या लहान मुलीवर तो करण्यात आला आणि ती बरी झाली.

माझ्या व्यवसायाच्या भाषेत सांगावयाचे तर नेहमीची औषधे म्हणजे तयार कपडे. एकाच मापाचे हजारो नग गिरणीतून निघतात. हे औषध मात्र शिंप्याकडचे आहे. माप त्या रुग्णाचे, कापडही त्याच्याच अंगचे. एकासाठी शिवलेले दुसऱ्यास चालत नाही. साहजिकच शिलाई महाग. २०१७ मध्ये अमेरिकेत या प्रकारच्या पहिल्या औषधास मान्यता मिळाली, तेव्हा त्याची किंमत ४ लाख ७५ हजार डॉलर होती. त्या वेळच्या दराने ही रक्कम तीन कोटी रुपयांच्या घरात जाते. हा आकडा वाचून मी वर्तमानपत्र मिटवून ठेवले होते. विद्या परदेशी, भाव परदेशी. आपल्या तालुक्यातील माणसाला तिचा काय उपयोग?

डॉ. राहुल पुरवार यांचे नाव येथे येते. जर्मनीतील हॅनोव्हर येथे त्यांनी पीएच.डी. केली आणि पुढे अमेरिकेत हार्वर्ड येथे संशोधन केले. विशिष्ट प्रकारच्या टी पेशी त्वचेच्या मेलॅनोमा या कर्करोगाशी कशा झुंजतात, यावरील त्यांचे संशोधन २०१२ साली ‘नेचर मेडिसिन’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. तेथेच राहिले असते तरी कारकीर्द उत्तमच झाली असती. परंतु २०१३ मध्ये ते पवईच्या आय.आय.टी. मुंबईत अध्यापक म्हणून रुजू झाले आणि हा उपचार भारतात घडविण्याचे काम त्यांनी हाती घेतले.

येथे तयार कारखाना नव्हता आणि असे औषध बनविलेली माणसेही नव्हती. अलका द्विवेदी, अथर्व करुळकर आदी विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन त्यांनी जनुक वाहून नेणारे विषाणूचे वाहनसुद्धा आपल्याच प्रयोगशाळेत तयार केले. व्यापारी म्हणून मला ही गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते. कच्चा माल बाहेरून आणला की भाव आपल्या हाती राहत नाही, हे बाजारपेठेतील प्रत्येकास ठाऊक आहे. परदेशी रचनेत खूण ओळखणारा भाग उंदराच्या प्रथिनापासून घेतलेला होता; या चमूने तो मानवी प्रथिनाच्या जवळ नेला. उपचारानंतर येणारा तीव्र ताप, मेंदूवर होणारा परिणाम असे धोके कमी राखणे हा त्यामागील हेतू होता.

टाटा स्मारक केंद्राचे डॉ. गौरव नरुला आणि त्यांचे सहकारी रुग्णालयाची बाजू सांभाळत होते. केंद्र शासनाच्या संस्थेकडून पहिल्या चाचणीसाठी १९ कोटी १५ लाख रुपयांचे साहाय्य मिळाले. ४ जून २०२१ रोजी, कोरोनाच्या त्या भयंकर दिवसांत, पवईत तयार झालेल्या पेशी खारघर येथील केंद्रात पहिल्या रुग्णास देण्यात आल्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये औषधास शासकीय मान्यता मिळाली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती श्रीमती द्रौपदी मुर्मू यांनी त्याचे लोकार्पण केले. ‘नेक्सकार-१९’ हे त्याचे नाव.

२०२५ मध्ये ‘लॅन्सेट हिमॅटॉलॉजी’त चाचण्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. रोग उलटलेल्या किंवा इतर उपचारांना न जुमानणाऱ्या रुग्णांपैकी सुमारे ७३ टक्क्यांमध्ये उपचारास प्रतिसाद मिळाला. म्हणजे चारांतील एकास लाभ झाला नाही, आणि ज्यांना झाला त्या सर्वांचाच तो टिकला नाही. हे मी मुद्दाम सांगतो, कारण ‘कर्करोगावर रामबाण औषध निघाले’ अशी बातमी आपल्याकडे फार लवकर पसरते. या चाचण्यांतील एक प्रमुख डॉक्टर म्हणजे टाटा रुग्णालयाचे डॉ. हसमुख जैन. आडनाव ऐकून सभागृहात कुजबुज सुरू झालेली दिसते; आडनावावरून नाते जुळविण्याची आपली सवय जुनीच आहे!

विद्या परदेशात घेऊन काम इकडे करावे, ही परंपराही मुंबईत जुनी आहे. पुण्यात जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स येथे संशोधन करून परतल्या आणि मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी ऊतिसंवर्धनाची, म्हणजे शरीराबाहेर पेशी वाढविण्याची, प्रयोगशाळा उभी केली. १९८२ साली त्यांना पद्मभूषण देण्यात आले.

आता हिशेबाकडे येतो. नेक्सकार-१९ बाजारात आले तेव्हा त्याचा खर्च चाळीस लाखांच्या आसपास सांगितला गेला. परदेशातील खर्चाच्या मानाने हा दशांशाच्या जवळ. शास्त्रज्ञांचे यश येथेच आहे. परंतु जळगाव जामोदच्या मध्यमवर्गीय घराला चाळीस लाख म्हणजे राहते घर आणि शेत दोन्ही. माझ्या बंधूच्या वेळी औषधच नव्हते. आज एखाद्या घरात औषध असून पैसा नाही असे झाले, तर ते घर कोणत्या मनाने परत येईल, याची मला कल्पना आहे.

म्हणून विश्वस्त मंडळास माझी विनंती आहे की, वैद्यकीय साहाय्य निधीत कर्करोगासाठी स्वतंत्र खाते उघडावे. मदत जैन कुटुंबांपुरती मर्यादित नसावी. रुग्णास मुंबईला नेणारा, कागदपत्रे पाहणारा, मुक्कामाची सोय लावणारा एक माहीतगार माणूसही नेमावा. आम्हांस त्या वेळी पैशापेक्षा अशा माणसाची उणीव अधिक जाणवली होती. खात्यातील पहिली रक्कम बंधूच्या नावे मी आज कोषाध्यक्षांकडे जमा केली आहे. पावती त्यांनी अद्याप दिलेली नाही, ती सभेनंतर घेईन.

जय जिनेंद्र.